छपरावरचा भुजंगप्रयात

९ फेब्रुवारी
छपरावर पॅनेल बसले. जिन्याखाली बॅटरी, वर भिंतीला इन्व्हर्टर. सगळं हर्षदनेच बंगळुरूहून फोनवर ठरवलं. एकुलता मुलगा, पण काम दहा मुलांचं. कळंबच्या रिसॉर्टवाल्यांकडे जनरेटर आहेत, पण ते धडधडतात. आमचं ऊन गुपचूप काम करतं, चांगल्या कवितेसारखं.

हर्षदची आई वनिता म्हणाली, "ऊन फुकाटचं हाय, मंग येवढी पेटी कशाला?" तिला साठवण समजावली. कणगीत भात भरतो तसं दुपारचं ऊन पेटीत भरायचं आणि संध्याकाळी काढून वापरायचं. अर्धा तास समजावलं. पटलं असावं. डोळे मिटून ऐकत होती.

१० फेब्रुवारी
बसवणाऱ्याने मोबाइलमध्ये अॅप घालून दिलं. त्यात दिवसभराची रेघ दिसते. घरात वीज लागली की रेघ वर, बंद केली की खाली. तेच अॅप हर्षदच्याही मोबाइलमध्ये आहे, कारण नोंदणी त्याच्या नंबरावर.

म्हणजे इथे पहाटे मोरीतला दिवा लावला की तिकडे बंगळुरूत रेघ हलणार! बाबा उठले, आईने पाणी तापवलं, सगळं पोराच्या डोळ्यांसमोर. बिचाऱ्याला फोन करायला वेळ नसतो. आता फोनची गरजच उरली नाही.

१४ फेब्रुवारी
विजेचा पुरेपूर उपयोग हे एक शास्त्र आहे. जड कामं उन्हात, बॅटरी दिवेलागणीनंतर. शाळेसारखं वेळापत्रक करून स्वयंपाकघरात चिकटवलं. पहिला तास पंप, दुसरा कपडे, तिसरा इस्त्री, चौथा मिक्सर.

वनिताने विचारलं, "आनी मला चटनी सकाळच्याला लागली तं?" म्हटलं, मधल्या सुट्टीपर्यंत थांब. ती म्हणाली, "शाळा सुटून वर्सं झाली, मास्तर काय सुटंना."

२२ फेब्रुवारी
पॅनेलवर रिसॉर्टला जाणाऱ्या गाड्यांची धूळ. स्वतः शिडी लावून पुसायला चढलो. शेजारचा भिवाजी वांग्यांना पाणी देत होता. ओरडला, "मास्तर, खाली उतरा! तुमी पडलाव तं येवढी वीज खायाची कोनी?" त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

संकल्प: दर रविवारी पॅनेल पुसणे. या रविवारपासून नको, गुडघा दुखतोय. पुढच्या.

३ मार्च
आज दुपारी रेघ न्याहाळत होतो आणि अंगावर काटा आला. उंच, ठेंगणी, उंच. हे तर लघु-गुरू! मिक्सर ठेंगणा म्हणजे लघु. पंप उंच, इस्त्री उंच, दोन्ही गुरू. लघु गुरू गुरू, असं चार वेळा केलं की भुजंगप्रयात!

हर्षदला सातवीत हे वृत्त मीच शिकवलं. ओसरीवर बसून बाकावर हात आपटत म्हणायचा. दम लागला तरी थांबायचा नाही. तो रेघ बघताक्षणी ओळखेल.

४ मार्च
पहिली ओळ छपरावरून प्रसिद्ध केली. मिक्सर, पंप, इस्त्री. पुन्हा मिक्सर. अॅप दर पाच मिनिटांनी नोंद घेतं, म्हणून लघुसुद्धा पाच मिनिटं चालवावा लागतो. अनुभवाने कळलं.

वनिता: "अवो, मिक्सरात काय नाय. नुसता फिरवताव कशाला?"
मी: "हर्षदसाठी."
 मग भांड्यात मूठभर खोबरं टाकून गेली. म्हणाली, निदान काही वाटून तरी होईल.

११ मार्च
रोज एक ओळ चालू आहे. वृत्त निर्दोष. हर्षदचा फोन नाही, पण वाचक दाद देतोच असं नाही. मनात साठवतो. बॅटरीसारखं.

१९ मार्च, गुढीपाडवा
हर्षदचा फोन!! म्हणाला, "बाबा, सगळं ठीक ना?" सगळं! त्या एका शब्दात सगळं आलं. मी मुद्दाम विषय काढला नाही. कवीने आपल्या कवितेचा अर्थ सांगत बसू नये. फक्त म्हटलं, "तुला दिसतंच आहे." तो म्हणाला, "हो हो." मग त्याला दुसरा फोन आला.

दिसतंच आहे. हो हो. दोन वेळा हो.

२७ मार्च
मिक्सर जळाला. खोबऱ्याचा नव्हे, तारेचा वास. त्याच गडबडीत पंप चालू राहिला, टाकी भरून वाहिली. भिवाजी कुंपणाशी येऊन म्हणाला, "मास्तर, तुमचं पानी माज्या वांग्यांत शिरलंय. कविता सांगताव का नांगरनी करताव?" वनिताने त्याला सगळं सांगितलेलं दिसतं. बायकांच्या पोटात वृत्त राहत नाही.

लघुसाठी आता टेबलफॅन. चटणी पाट्यावर. पाट्याची चटणी चवीला चांगलीच असते. वनिताचे खांदे दुखतात, पण तिचे आधीपासूनच दुखतात.

६ एप्रिल
फोन नाही. मार्चअखेरची कामं असणार. एप्रिल लागला हे मान्य, पण मोठ्या कंपन्यांचा मार्च लांबत असेल.

१२ एप्रिल
वनिताला ताप. अंथरुणातून उठली नाही. भात मी लावला, खालून करपला, वरून कच्चा. ती दोन घास खाऊन म्हणाली, "पोराला फोन करा." म्हटलं, करायची गरज नाही, त्याला दिसेल. तू उठली नाहीस, पाणी तापलं नाही, सकाळची रेघ बसलेलीच आहे.

आपण फोन करून सांगणं म्हणजे मागणं. त्याने बघून विचारणं वेगळं.

१३ एप्रिल
सकाळपासून वाट पाहिली. दोष माझाच. दिवे, पंखा, टीव्ही अधूनमधून चालू, त्यामुळे रेघ हलते आणि हर्षदला वाटतं सगळं नेहमीचं. संकटाची सूचना स्पष्ट पाहिजे.

म्हणून दहा वाजता घरातलं सगळं बंद केलं. फ्रिजसुद्धा. पंखाही. रेघ जमिनीला टेकली. हे बघून कोणत्याही मुलाच्या काळजात धस्स होईल. फोन उशाशी ठेवला. वनिताला वर्तमानपत्राने वारा घालत बसलो. उकाडा फार. बॅटरी शंभर टक्के भरलेली. छपरावर एवढं ऊन, त्यातलं कणभरही खाली येत नाही.

दुपारी फोन वाजला. कर्जतच्या कुठल्याशा प्लॉटची जाहिरात.

वनिता तापात पुटपुटली, "लाइट कदी येईल?" म्हटलं, येईल. आता येईलच.

१४ एप्रिल
कालचं उरलेलं लिहितो. चार वाजता भिवाजी वांगी घेऊन आला. दारातूनच म्हणाला, "तुमची लाइट गेलीया? माज्याकडं तं हाय." आत आला. वनिताच्या कपाळाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. मग भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा फिरायला लागला.

माझ्याकडे बघून तो काहीतरी बोलणार होता. चेष्टा करेल असं वाटलं. पण एवढंच म्हणाला, "वैनीला धरा. टेंपो काढतो."

कर्जतच्या दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरबाई विचारत होत्या, अंगातलं पाणी इतकं कमी कसं झालं? उकाडा, म्हटलं. त्यांनी विचारलं, "घरी पंखा नाही का?"

 प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

१८ एप्रिल
वनिता घरी. अशक्त आहे, पण वेळापत्रक तिनेच भिंतीवरून काढलं.  हर्षदने त्या दिवशी रेघ पाहिली नसेल. किंवा पाहिली आणि वाटलं असेल अॅप बिघडलं. यंत्रावर इतका विश्वास ठेवू नये.

२६ एप्रिल
हर्षदचा फोन. ऋतिकाचा पोहण्याचा क्लास आहे, म्हणून मे महिन्यात येणं जमणार नाही. मुलीने पोहायला शिकलंच पाहिजे. नातीच्या बाबतीत मी कडक आहे.

मग सहज विचारावं तसं विचारलं, "मधे आमची रेघ एकदम सपाट झाली होती. तुला काय वाटलं?"
"कसली रेघ, बाबा?"
"अॅपवरची."
"अच्छा, ते! ते मी पॅनेल बसले त्याच आठवड्यात काढून टाकलं. मीटिंगमध्ये सारखं वाजायचं." मग म्हणाला, "का? काही बिघडलंय का?"

म्हटलं, नाही. उत्तम चालू आहे. ऊन भरपूर आहे.

फोन ठेवला तेव्हा वनिता पलंगावरून बघत होती. "माज्या तापाचं सांगितलाव का?"

म्हटलं, "सांगावं लागलंच नाही. त्याने तेव्हाच बघितलं होतं. फार घाबरला होता म्हणे."

"मला वाटलंच," ती म्हणाली. आणि कुशीवर वळली.

पंखा चालू ठेवला आहे.