ओजलच्या पाठीवरचं ऊन

१२ फेब्रु., कोंढा
लाखोळीचं पीक उपटायले मी न् सासूबाई वावरात. ओजल संगं. सहा वर्षांची झाली, पण जन्मापासून केस-कातडी पांढरी, ऊन सोसत नाही. रोज लांब बाह्या, टोपी. आज आभाळ होतं म्हणून मीच म्हटलं, राहू दे. तलावाच्या पाळीवर तीन तास खेळली, बिनबाहीच्या फ्रॉकात.
घरी आलो त मान, पाठ लालबुंद. हात लावू देत नाही.

१३ फेब्रु.
सकाळी पाठभर फोड. पाणी भरलेले. सासूबाई म्हणे, "सुईनं फोड, वरून हळद लाव." नाही लावू दिली. मी ओला कपडा ठेवत राहिली.
ह्यांले फोन केला, तुमसरले, राइस मिलमध्ये. "उन्हानं भाजली त दवाखाना कायले? उतरते दोन दिवसांत." मलेही तेच ऐकायचं होतं.
दुपारी ताप १०२. बाहेर कडक ऊन अन् ही कुडकुडून राहिली. पाणी पाजलं, ओकली. मंग ध्यानात आलं, सकाळपासून लघवीले गेलीच नाही. हाक मारली. डोळे उघडले, पुन्हा मिटले.
शेजारच्या मंदाताईनं स्कूटी काढली. अड्याळपर्यंत मी सारखी तिचं नाव घेत गेली. ओजल दोनदा "हूं" म्हणाली. मंग काहीच नाही

१४ फेब्रु., अड्याळ, दवाखाना
सलाईन चालू. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "फोड फोडले नाहीत, चांगलं केलं. पण एवढे फोड होते तर सकाळीच आणायचं. ताप, उलटी, लघवी बंद, सुस्ती. यातलं एक दिसलं तरी थांबायचं नाही."
सकाळीच.
हे आले. तिच्या पायाशी बसले.
चार वाजता लघवी झाली. तेव्हा रडली मी.

१८ फेब्रु.
घरी. पाठ सोलून राहिली. खाते, भांडते. ऊन येऊ नये म्हणून सासूबाईनं खिडकीले जुनं लुगडं बांधलं. मले एक शब्द बोलल्या नाही. बोलल्या असत्या त बरं झालं असतं.

२३ फेब्रु.
पाठ दाखवायले अड्याळले. पाठ ठीक. मॅडमनं कानामागचे केस बाजूले केले. "हा डाग कधीचा?"
दिवाळीपासून असन. खपली धरते, निघते, पुन्हा धरते. खाजवते म्हणून, असं वाटलं मले.
"भंडाऱ्याला कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. याच आठवड्यात."
"काय असन मॅडम?"
"आधी त्यांना पाहू द्या. अशा कातडीवर न भरणारा डाग साधा समजायचा नाही."
ह्यांले फोनवर "डाग आहे, दाखवून येतो" एवढंच सांगितलं.

२५ फेब्रु.
उद्या सकाळच्या बसनं भंडारा. ओजलले म्हटलं, फिरायले जाऊन राहिलो.
"तिथं झुला आहे?"
हो म्हटलं.
तिनं आपली पिशवी स्वतःच भरली.