बाबांच्या पेटीतला ग

१२ मार्च, दुपारी

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. आम्ही ठीक आहोत, तुम्हीही असाल. हिचा गुडघा अजून कुरकुरतो, पण तोंड व्यवस्थित चालू आहे, तेव्हा काळजी नको. दुकानात दुरुस्तीला आलेल्या तीन बाजाच्या पेट्या उघड्या पडल्यात. एकीच्या भात्यात उंदरांनी संसार थाटलाय.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. भाचीला गाणं शिकायचंय आणि तू नको म्हणालीस. 'माझा सूर उतरतो, तिचाही उतरेल, उगाच हसं नको,' असं लिहिलंस. ते वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

ताई, तुझा सूर उतरला नव्हता.

बाबांनी घरातली त्यांची पेटी खास तुझ्या गळ्यासाठी सुरात लावली होती. पेटीतला ग गळ्यातल्या गंधारापेक्षा जरा चढाच असतो, म्हणून त्यांनी त्याची रीड, आतली पितळी जीभ, बुडाशी कानशीने खरवडून केसभर खाली आणली होती. तुझ्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भाता नीट करायला मी पेटी उघडली. सूर मोजायचं यंत्र नवंनवं आणलं होतं. त्यानं ग कमी दाखवला. बाबांची चूक सापडली म्हणून मी हरखलो. रीड टोकाशी खरवडून ग चढवला आणि कुणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तू गायलीस, साथीला मी. पहिल्याच आलापात तुझा ग आणि पेटीचा ग जुळेना. बाबा समोरूनच म्हणाले, "पोरी, ग उतरतोय तुझा." आपल्या हाताने लावलेल्या पेटीवर त्यांचा तुझ्या गळ्यापेक्षा जास्त भरवसा होता. तू सूर चढवायला गेलीस आणि होता तोही घालवून बसलीस. त्यानंतर तू गायलीच नाहीस.

मला तेव्हाच कळलं होतं. ती गची एक पट्टी सोडून वाजवता आलं असतं. मी दाबत राहिलो. घरात कायम तुझंच कौतुक ऐकलं होतं, आणि त्या दिवशी उठताना बाबा मला म्हणाले, "साथ चोख केलीस." ते तीन शब्द मी अकरा वर्षं जपले. बाबा गेले तेही तुझाच गळा बिघडला असं समजून. याची मला लाज वाटते.

काल ती रीड बुडाशी खरवडून ग पुन्हा खाली आणला. आता तिला आणखी कानस सोसणार नाही. पेटी पत्राबरोबरच पाठवतोय. भाचीला जवळ बसव, सा धर आणि तिच्यादेखत ग म्हण. जुळेल. मग मला हवं ते बोल, नाहीतर बोलूच नकोस. पण पोरीला अडवू नकोस.

तुझ्या साथीला बसून तुझी साथ न केलेला,
धाकटा