पेटीवरचा हात

मंगळवार, दुपार, दुकानातूनच

ती. आबांना,
पाया पडते.

आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनीने पाठवलेली दुपटी मिळाली, तिला सांगा फार मऊ आहेत.

फोन असताना ही लिहायला कशाला बसली म्हणाल. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुम्हाला ठाऊकच आहे. पण फोनवर तुम्ही सगळ्यालाच "हो हो, बरं बरं" म्हणता. मागे मी म्हटलं, आबा, खारूला दात आला, तर म्हणालात, "हो हो, देऊन टाक." आम्ही पोट धरून हसलो होतो. तर म्हटलं, लिहावं.

दुकान ठीक चाललंय. ते जुने चष्मेवाले शौकीन अजून येतात, सगळी खोकी चाळतात, नाक पुसतात आणि काही न घेता जातात. नवीन पोरं येतात ती आधी रेकॉर्डचं कव्हर बघतात. परवा एकीला विचारलं, घरी प्लेअर कुठला आहे? तर म्हणाली, "प्लेअर नाहीये, भिंतीवर लावायचंय." तुम्ही असतात तर तिला तिथेच बसवून दोन्ही बाजू ऐकवल्या असत्या. मी गुपचूप गुंडाळून दिलं.

मागच्या आठवड्यात एका घरी रेकॉर्डी घ्यायला गेले होते. शिंप्याचं घर. शिंपीकाका गेले आणि काकूंना खोली रिकामी करायची होती. खारूला कडेवर घेऊनच गेले, ठेवणार कुणाकडे? खोलीत अजून शिलाई मशीन तसंच, आणि त्याच्या डोक्यावर फळीभर रेकॉर्डी. काका शिवताना लावायचे म्हणे. कव्हर काढलं की आतून दोऱ्याचे तुकडे पडायचे, लाल, निळे, पांढरे. एका कव्हरवर खडूने कुणाच्या तरी पाठीचं माप लिहिलेलं होतं.

काकू म्हणाल्या, "कमी दिलेस तरी चालेल, पण भाजी घेतल्यासारखं वरवर बघून उचलू नकोस. एकेक लावून बघ."

मग काय, बसले. तुम्ही शिकवलंत तसं आधी उजेडात तिरकी धरून बघायची, मग सुरुवातीला थोडी, मध्ये थोडी, शेवटी थोडी. काकू भाजी निवडत ऐकत होत्या. मधेच म्हणायच्या, "ही लावली की ते काजं करायचे." मला एकदम आपलं दुकान आठवलं, तुमच्या वेळचं. मी टेबलाखाली खोक्यात झोपायचे, आणि शाळा सुटल्यावर तुम्ही मला प्लेअरकडे पाठ करून उभं करायचात. "सांग, चरा कुठे आहे? सुरुवातीला का शेवटी?" चुकले तर टपली, बरोबर आलं तर गोळी. सातवीत नापास झाले तेव्हा आई रडली. तुम्ही म्हणालात, "राहू दे गं, हिचा कान शिकलाय."

तर सांगत काय होते, त्या घरून लाखेच्या जुन्या जड तबकड्याही आणल्या, एक खोकं भरून. आणि तिथेच माती खाल्ली. तुम्ही हजारदा सांगितलेलं, लाखेची तबकडी उभी ठेवायची आणि खोकं उचलताना तळाला हात द्यायचा. मी घाईत आडव्या रचल्या आणि वरच्या कडांना धरून उचललं. दुकानात आल्यावर तळ सुटला. सगळ्या फरशीवर! काय आवाज झाला, आबा. शेजारचे घड्याळवाले काका डोळ्याला भिंग तसंच लावून धावत आले, त्यांना वाटलं काचेचं कपाट पडलं. समोरची चहावाली आली. मी ठिकऱ्यांत उभी.

खारू तिथेच झोपली होती. माझ्या पायाशी, टोपलीत. हात लांब केला तर लागेल एवढ्यावर.

घड्याळवाले म्हणाले, "वा गं वा, हिच्या कानाशी नगारे वाजवले तरी उठायची नाही. गुणाची पोर!" चहावाली म्हणाली, "माझ्या पोरांना वाटीचा आवाज चालायचा नाही. नशीब काढलंस." सगळे हसले. मीही हसले. झाडू आणला, ठिकऱ्या भरल्या. काही चांगल्या वाचल्या आहेत, त्या उभ्या ठेवल्यात.

इथवर लिहून मी उठले होते. एक गिऱ्हाईक आलं. आता परत बसले.

आबा, ती दचकलीसुद्धा नाही हो.

मग मी तिच्या पाठीमागे ताट वाजवलं. किल्ल्या वाजवल्या. नाव घेऊन ओरडले. समोर गेले की हसते, हात पसरते. मागून काही नाही. सासूबाई म्हणतात, पोरगी शांत आहे, वेड्यासारखं काही मनात आणू नकोस. ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. हे गाडीवर असतात, मालाच्या फेऱ्या, घाटात गाडी चालवताना हे डोक्यात नको. फोनवर म्हणतात, "माझ्या पोरीला ऐकव माझा आवाज." मी फोन तिच्या कानाला लावते. ती चावते त्याला. हे तिकडे खूश होतात.

एकटीच दवाखान्यात गेले होते. पुढच्या सोमवारी कानाच्या डॉक्टरीणबाई बघणार आहेत. तिथल्या नर्सने सगळं विचारलं, बाळंतपण कसं झालं, ताप आला होता का. मग म्हणाली, "घरात कुणाला कमी ऐकू येतं का? अगदी लहानपणापासून?" मी ताडकन म्हटलं, नाही. आमचं तर गाण्याचं दुकान.

आणि घरी येताना रस्त्यातच पाय थांबले माझे.

तुम्ही शेवटी शेवटी रेकॉर्ड लावली की स्पीकरच्या उभ्या लाकडी पेटीवर हात ठेवून उभे राहायचात, डोळे मिटून. गाणं संपायचं, सुई शेवटच्या रेघेत खर्र खर्र फिरत राहायची, तरी तुम्ही तसेच. चष्मेवाले म्हणायचे, "आबांची समाधी लागली." मी सुई उचलली की मग तुम्ही डोळे उघडायचात. आणि चरे शोधायला नेहमी मीच लागायचे. गिऱ्हाईक आलं की, "तिला विचारा, तिचा कान तिखट आहे." मला वाटायचं माझं कौतुक चाललंय. मग एकदम म्हणालात, गुडघे दुखतात, दुकान तू बघ, मी दादाकडे जातो. गुडघे दुखणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर राहायला जातो का हो?

मी तुमच्यावर आळ घालत नाही. आईची शपथ. पण मला खरं कळलं पाहिजे. तुम्हाला कधीपासून कमी ऐकू येतं? म्हातारपणाने, का लहानपणापासूनच थोडं होतं आणि तुम्ही कुणाला कळू दिलं नाही? तुमच्या आईला होतं का? सोमवारी मला बाईंना सांगायचंय. कुठलं उत्तर आलं तर बरं, तेही मला कळत नाही. तुम्हाला आधीपासून असलं तर ते तिच्यात आलंय. आणि तसं असलं तर तुम्ही एवढं दुकान चालवलंत, मला वाढवलंत, आईशी रोज भांडलात, म्हणजे तिलाही जमेल सगळं. दोन्ही विचार एकदम येतात आणि भीती वाटते. खूप भीती वाटते, आबा. ती झोपली की मी तिच्या तोंडाकडे बघत बसते.

एक सांगायचं राहिलं. खारू आता धरून उभी राहते. रांगत रांगत त्याच पेटीपाशी जाते. वर जिथे तुमच्या हाताने पॉलिश उडालंय, तिथवर तिचा हात पुरत नाही. खालीच ठेवते, बिस्किटाने बरबटलेला. रेकॉर्ड लागली की तोंड उघडं टाकून थांबते, गाल लावते, हसते. सुई उचलली की तळहात उलटा करून बघते, कुठे गेलं म्हणून.

मी कानांत कापूस घालून तिथे हात ठेवून बघितला. मला नुसती थरथर लागते, दुसरं काही नाही. तिला विचारता येत नाही. तुम्हाला येतं. त्यात काय असतं, आबा? तुम्ही डोळे मिटून इतका वेळ काय ऐकायचात?

फोन करू नका. दादाकरवीही नको. लिहा, नाहीतर सरळ या. शिंपीकाकांच्या वाचलेल्या रेकॉर्डी मी विकायला काढलेल्या नाहीत. तुम्ही आणि ती मिळून तपासा.

आज नातीसाठी तुमची गरज असलेली,
तुमची लेक