सहादेवच्या ओट्यावरचं ॲप

सावेडी, नगर
१२ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
माधुरीचा सविनय जय भीम. वि. वि.

कानाचं यंत्र पुन्हा कपाटात गेल्याचं आईकडून कळलं. परवा फोनवर मी दूध संघाचं विचारत होते आणि तुम्ही मला मांजरीच्या पिल्लांची हकिगत सांगत होता. माझ्या ओरडण्याने अख्खं ऑफिस माझ्याकडे बघत होतं, म्हणून आता पत्रच बरं. फक्त माझी पत्रं लाल शाईने तपासून परत पाठवायची तुमची मास्तरकी आता सोडा.

पत्रास कारण की, तुम्ही ज्या संघाला दूध घालता त्याचं काम आमच्या कंपनीकडे येतंय. संघाने जनावरांचा डॉक्टर बोलवायला मोबाईलवर ॲप काढलं आणि साध्या फोनची सोय बंद केली. आता ते ॲप कुणी वापरत नाही अशी चेअरमनसाहेबांची तक्रार आहे. ते नव्याने कसं करावं याचा प्रस्ताव आम्हाला द्यायचाय, आणि तो लिहायचं काम माझ्याकडे आलंय. बाबा, माझ्या एकटीच्या भरवशावर दिलेलं हे पहिलंच काम, त्यामुळे धाकधूक आहे.

आपली चंद्री गाय आजारी पडली की तुम्ही आणि आई नेमकं काय करता, ते जसंच्या तसं लिहा. जमत नसेल तर तेही लिहा, लाजू नका.

आईला जय भीम. माया आहेच, तिच्यात पाणी घालू नका.

तुमची
माधुरी

*

पिंपळवाडी, ता. पारनेर
१९ जानेवारी २०२५

चि. माधुरीस,
बाबांचा सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. दोन वेलांट्या चुकल्या आहेत, कुठे ते सांगत नाही. आपली आपण शोध.

आता ॲपची गंमत ऐक. उघडलं की आधी चेअरमनसाहेबांच्या सत्काराचे फोटो येतात. ते बोटाने सरकवायचे. मग सणासुदीच्या शुभेच्छा, त्याही सरकवायच्या. त्याखाली ‘पशुवैद्यकीय सेवा विनंती’ अशी बारीक पट्टी. ती दाबली की गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मागतं. चंद्री कानाला हात लावू देत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझ्या आईने कान धरायचा, मी आकडे वाचायचे आणि चंद्रीने आम्हा दोघांना गोठ्याबाहेर काढायचं, असा कार्यक्रम होतो. मग ओटीपी येतो. तो बघायला मेसेजमध्ये जाऊन परत यावं, तर सगळं पुसलेलं आणि चेअरमनसाहेब पुन्हा हजर. एवढं करून शेवटी आजार निवडा म्हणतं. यादीत काय, तर जठरांत्रीय विकार आणि चयापचय विकार. तुझी आई म्हणाली की पोट फुगलंय हे कुटं लिवलंय तेवढं दावा. मी जन्मभर मराठी शिकवलं, पण मलाही सापडलं नाही.

तेव्हा आम्ही कुणी ॲपच्या नादी लागत नाही. आमच्या वतीने सहादेव लागतो. सुप्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, हातात मोठा मोबाईल आणि अंगात चिकाटी. गावात कुणाचंही जनावर बिघडलं की माणूस थेट सहादेवच्या ओट्यावर. तो स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्याच गाईच्या नावाने डॉक्टर बोलावतो आणि डॉक्टर आला की त्याला ज्याच्या त्याच्या गोठ्यात घेऊन जातो. संघाच्या भागवत डॉक्टरांनाही हे माहीत आहे. सहादेवचा तोरा मात्र असा, की सुई जणू हाच टोचणार. शेण कसं आहे, रवंथ करते का, काल काय घातलं, सगळी उलटतपासणी झाल्याशिवाय मोबाईलला हात लावत नाही. बायको, राहीबाई, गेल्यापासून घरात एकटाच आहे, म्हणून बोलणं जरा लांबवतो. आम्हीही बसतो.

आई विचारते की लई वाळली न्हाईस ना, डबा वेळेवर येतो का. कळव. आठवण ठेव म्हणत नाही, ती तू ठेवतेसच.

तुझा
बाबा

*

सावेडी, नगर
९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. चंद्री आता आमच्याकडे सगळ्यांना ओळखीची झाली आहे.

प्रस्ताव गेल्या आठवड्यात संघाच्या संचालकांपुढे मांडला. नव्या ॲपमध्ये बिल्ल्याचा नंबर नाही, सत्काराचे फोटो नाहीत. उघडलं की तुमच्याच गाईचा फोटो आणि खाली नाव. फोटोवर बोट ठेवायचं आणि काय झालंय ते तोंडाने सांगायचं, एवढंच. फोटो गेले म्हणून चेअरमनसाहेबांचा चेहरा जरा पडला, पण बाकीच्यांनी मान डोलावली.

पहिल्या पानावर सहादेवकाकांनाच घेतलं. अख्ख्या गावातून जाणाऱ्या विनंत्या एकाच सभासदाच्या खात्यातून जातात, यावरूनच ॲप किती अवघड आहे ते दिसतं, असं लिहिलं. खरं वाटावं म्हणून नाव-गावही घातलं. चेअरमनसाहेबांनी ते पान पुन्हा वाचायला लावलं, तेव्हा मला वाटलं की बाजी मारली. काकांना सांगा, तुमच्यामुळे माधुरीचं काम झालं.

डबा येतो. आईच्या हातची चव येत नाही. तुमचा जीव माझ्यावर आहे तसाच राहू द्या, थोडा वाढला तरी चालेल.

तुमची
माधुरी

*

पिंपळवाडी
२० फेब्रुवारी २०२५

चि. माधुरीस,
आशीर्वाद.

तुझा निरोप मी सहादेवला दिलेला नाही.

सोमवारी संघाचा माणूस दूध संकलन केंद्रावर सहादेवच्या नावाची नोटीस घेऊन आला. घरी दोन गाई असताना वर्षभर एवढ्या वेळा डॉक्टर बोलावला कसा, संघाची औषधं बाहेर विकली काय, असा तिचा मतलब. खातं बंद, खुलासा द्या. सकाळच्या दुधाला सगळं गाव जमलेलं असताना त्याने ती वाचून दाखवली. त्यात तुझ्या प्रस्तावातलं वाक्य आहे, नाव-गावासकट. एरवी ज्याचं बोलणं आवरत नाही, तो माणूस रिकामी किटली उचलून घरी गेला आणि दार लावून बसला. मी दोनदा जाऊन आलो, त्याने कडी काढली नाही.

मला तुझा राग आला आहे. माझाही आला आहे, कारण तुला हसू यावं म्हणून मीच तिखटमीठ लावून लिहिलं. आपल्यात जी रीत साधी वाटते तिचा कागदावर गुन्हा होऊ शकतो, हे मला कळायला हवं होतं. पण त्याचं नाव घालण्याआधी तू मला विचारायला हवं होतंस.

मंगळवारी चंद्रीचं पोट फुगलं. सुप्याहून खाजगी डॉक्टर आणला, आता बरी आहे. ज्यांना तो परवडत नाही ते आपापल्या गाईकडे बघत बसले आहेत. हे कसं निस्तरायचं ते तू बघ. तुझी आई म्हणते की पोरीला लई बोलू नका, म्हणून थांबतो.

बाबा

*

सावेडी, नगर
११ मार्च २०२५

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी खूप रडले. मग तोंड धुऊन आमच्या वरिष्ठ मोनिका मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या की मंजूर होत आलेल्या प्रस्तावात खोट काढलीस तर काम हातचं जाईल. तरी मी गेले. चेअरमनसाहेबांनी दोन खेपा परत पाठवलं, तिसऱ्या खेपेला आत घेतलं.

पहिलं पान मी मागे घेतलं आणि दुसरं लिहून दिलं. दुसऱ्याच्या गाईसाठी डॉक्टर बोलवायची सोय ॲपमध्ये नव्हती, म्हणून सहादेवकाकांना गावाची जनावरं आपल्या नावावर घ्यावी लागली. चूक ॲपची, आणि ती मांडताना माझी. भागवत डॉक्टरांनीही आपण कुणाकुणाच्या गोठ्यात गेलो ते सांगितलं. काकांचं खातं सुरू झालंय. नोटीस जिथे वाचली तिथेच, सकाळच्या दुधाला, संघाची दिलगिरी वाचली जाईल. तेवढा हट्ट मी सोडला नाही. माझी माफी मात्र मी स्वतः येऊन मागणार आहे, भीमजयंतीला.

नवं ॲप आधी तुमच्याच गावात सुरू होईल. घरोघरचे लोक आपापल्या मोबाईलवरून डॉक्टर बोलवू लागले, तरच ते बाकी गावांत न्यायचं, अशी संघाची अट आहे. दुसऱ्यासाठी बोलवायचं बटणही ठेवलंय, अडल्यानडल्याला.

तुमचा राग ओसरला असेल तर दोन ओळी लिहा. नसेल तर रागाच्या लिहा.

तुमची
माधुरी

*

पिंपळवाडी
४ मे २०२५

चि. माधुरीस,
सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद.

जयंतीला आलीस, बरं वाटलं. सहादेवने तुला उभ्या उभ्या माफ केलं आणि वर कारखान्यातल्या गोष्टी ऐकवत बसवून ठेवलं, ते तू पाहिलंसच. तू गेल्यानंतरचं सांगतो.

ॲप फार चांगलं झालंय. मला पहिल्या झटक्यात जमलं. तुझ्या आईने तर चंद्रीच्या फोटोवर बोट ठेवून तिची अशी काही गाऱ्हाणी सांगितली, की डॉक्टर हसत हसतच गोठ्यात शिरले. घरोघर हेच. मला तुझा अभिमान वाटला.

पण सहादेवचा ओटा ओस पडला. सकाळी उठून तो ओट्यावरचा बाक पुसायचा, मोबाईल शेजारी ठेवायचा आणि बसून राहायचा. येणारा जाणारा रामराम करून पुढे. त्या बाकावर मारुतीच्या आळीचे आणि आपल्या वस्तीचे खांद्याला खांदा लावून बसायचे, गाईच्या निमित्ताने का होईना. गावात अशी दुसरी जागा मला ठाऊक नाही. नोटीस आली तेव्हा तो दुखावला होता. आता नुसताच मिटत चालला होता, आणि ते मला बघवेना.

परवा चंद्रीने वैरण सोडली. तुझी आई मोबाईल काढत होती, तो मी तिच्या हातातून घेतला आणि सहादेवकडे निघालो. हे नवीन काही मला उमगेना, असं सांगायचं वाटेतच ठरवलं. जाऊन बघतो तर बाकावर टेकायला जागा नाही. करण, धनश्री, आप्पासाहेब, सगळे आपापला मोबाईल घेऊन बसलेले. सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं, की ह्ये नवं ॲप लई अवघड हाय, काय बी कळंना. आप्पासाहेबांची लेक ज्ञानेश्वरी कॉलेजात संगणक शिकते, तिलाही जमेना म्हणे! आम्ही कुणी एकमेकांकडे बघत नव्हतो. सहादेव एकेकाला झापत होता, की एवढं सोपं केलंय पोरीनं तरी तुमाला येत न्हाई. माझी पाळी आल्यावर शेण कसं आहे म्हणून विचारलं, तर मला इतका आनंद झाला की आदल्या दिवसापासूनचं सगळं सांगत बसलो.

आता काळजी तुझी. आम्ही सगळ्यांनी मिळून तुझं ॲप नापास केलं आहे. संघाची अट मला आठवते. तुझ्या कामाला धक्का लागणार असेल तर एका ओळीने कळव, मी एकेकाला बाजूला घेऊन समजावीन.

आई उन्हाची काळजी घे म्हणते. तुझं भलं चिंतणारा,
बाबा

*

सावेडी, नगर
८ जून २०२५

ती. बाबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

चेअरमनसाहेबांनी विचारलंच. तुमच्या गावातून पुन्हा सगळं एकाच मोबाईलवरून येतंय, मग नव्या ॲपचा उपयोग काय झाला, म्हणाले. दुसऱ्यासाठीच्या बटणामुळे ज्याची गाय त्याचं नाव लागतंय आणि डॉक्टर वेळेवर पोचतोय, एवढं मी दाखवलं. ते त्यांना पुरलं नाही. बाकी गावांचं काम त्यांनी तूर्त थांबवलं. मोनिका मॅडम दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि पुढचं काम त्यांनी दुसऱ्या मुलीकडे दिलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

लोकांना ॲप येतं, पण ते मुद्दाम सहादेवकाकांकडे जातात, एवढं एक वाक्य लिहून दिलं असतं तर सगळं मिटलं असतं. लिहायला बसलेही होते. मग मनात आलं, की हे वाक्यही कुणीतरी सकाळच्या दुधाला सगळ्यांसमोर वाचून दाखवेल आणि सहादेवकाका तिथे किटली घेऊन उभे असतील. मी नाही लिहिलं.

तेव्हा कुणालाही समजावू नका. तुमचा राग नाही, हे मला पत्रावरून कळलं, तेवढं मला पुष्कळ आहे. आईला जय भीम. जीव लावता तसाच लावत राहा, आणि बाबा, तुम्हाला ॲप येतं हे गावात कुणाजवळ बोलू नका.

तुमची
माधुरी