खानदानी खोकला

दादा,

तुमचा खोकला खानदानी होता की नाही, हे शोधायची नोकरी मला लागली आहे. हसू नका. फुप्फुसांच्या आजारात रक्ताचा वाटा किती आणि धुराधुळीचा किती, याचा अभ्यास चालू आहे. त्यासाठी मी वसमत तालुक्यात गावोगाव फिरते, लोकांना यंत्रात फुंकायला लावते, रक्त घेते आणि वंशावळ लिहिते. कुरुंद्यात वंशावळ म्हणताच अर्धी भावकी निजामकाळचे उर्दू कागद घेऊन हजर झाली. आम्ही जातीच्या दाखल्याचे नव्हे, दम्याचे लोक आहोत, हे समजावण्यात सकाळ गेली. एक आजोबा म्हणाले, "मंग दाखला न्हाई तं न्हाई, खोकल्याचं तरी लिहून द्या."

मला मात्र प्रत्येक खोकणाऱ्या बापात तुम्हीच दिसता. हळद पॉलिश करायच्या ढोलाशेजारी उभे, भुवयांपर्यंत पिवळे. आईने खोकल्यावरून छेडलं की तुमचं उत्तर ठरलेलं: "आमच्या घराण्यातच हाय त्यो. माझ्या बापाला व्हता, आज्याला व्हता." आणि मग शेडमागे जाऊन बिडी पेटवायची. मी सातवीत असताना तुम्हाला तिथेच पकडलं. तुम्ही मला गळ्याची शपथ घ्यायला लावलीत, एक पिपरमिंटची गोळी माझ्या हातावर ठेवलीत आणि एक स्वतःच्या तोंडात टाकलीत. त्यानंतर रोज संध्याकाळी आपण दोघं गोळ्या चघळत घरी यायचो. ती शपथ मी इतकी पाळली, की नांदेडच्या डॉक्टरांनी बिडी-सिगारेटचं विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मीच "नाही" म्हणून मोकळी झाले. त्याचं मला आजही वाईट वाटतं, दादा. तुमचा रागही येतो.

मागच्या आठवड्यात यादीत आपलंच घर निघालं. घरच्याने घरच्यांची माहिती घ्यायची नाही असा नियम आहे, म्हणून प्रश्न माझ्या सहकाऱ्याने विचारले आणि मी नुसती यंत्र पुसत बसले. "काकू, काकांना बिडीची सवय होती का?" आई पदर सारखा करत म्हणाली, "न्हाई वो. खोकला त्यांच्या घराण्यातच हाय." त्याने फॉर्मवर "नाही"पुढे खूण केली. त्या एका खुणेने तुमच्या सगळ्या बिड्या तुमच्या बिचाऱ्या बापाच्या आणि आज्याच्या माथी बसल्या. आई चहा टाकायला उठली. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि इतक्या वर्षांची शपथ मोडली. "आई, दादा बिडी ओढायचे."

तिने पातेल्यावरची नजरसुद्धा काढली नाही. "मला काय सांगून राहिली? सदरा मीच धुत व्हते ना? खिशात तंबाखूचा चुरा निघायचा."

"मंग काहून खोटं बोललीस?"

"परक्या लेकरासमोर नवऱ्याचं काहून काढू? अन् तवा त्यांना बी बोलले न्हाई, कारण तुला रोज गोळी भेटत व्हती."

आम्ही दोघी हसलो, मग आई रडली, आणि चहा उतू गेला. बाहेर येऊन तिनेच सहकाऱ्याला सांगितलं, "लिही बाबा, ओढत व्हते. पण माणूस चांगला व्हता, ते बी लिही." तसा रकाना नव्हता. त्याने ते समासात लिहिलं.

पुढचा फॉर्म माझा होता, कारण तुमचं रक्त आता माझ्यातच सापडायचं. त्याने मलाही सवयीचं विचारलं. दादा, पुण्यात शिकताना मला सिगारेट लागली. दिवसाला दोन, लपूनछपून. समोर आई कपबशी घेऊन उभी होती. मी म्हणाले, "नाही." आईने माझ्याकडे एकदा पाहिलं, आत गेली, आणि माझ्याच पर्समधली पिपरमिंटची गोळी आणून माझ्या हातावर ठेवली.

ती मी तिथेच बसून चघळली. या पत्राला पत्ता नाही, म्हणून हे वहीतच राहील. फॉर्म मात्र सोमवारी द्यायचा आहे, आणि त्यातलं "नाही" मी अजून खोडलेलं नाही.