माइक बंद झाल्यावर

प्रिय आप्पा,

काल पुण्याच्या चॅनेलवर मी पहिल्यांदा बातम्या वाचल्या. संपादक म्हणाले, "एकेक शब्द ओठांवर दिसतो. कुठं शिकलीस?"

मी म्हटलं, सोलापूरच्या एमआयडीसीत, यंत्रमागांच्या खडखडाटात! मी तुमचा डबा घेऊन यायची, तेव्हा मागावर उभे असलेले तुम्ही माझे ओठ बघूनच सगळं ओळखायचात की. आता तुम्हाला ऐकू येत नाही, पण ती सवय थोडीच जाते?

म्हणून बातम्या संपल्या, माइक बंद झाला आणि कॅमेरा अजून चालू होता, तेव्हा मी नुसते ओठ हलवले, "आप्पा, जेवलात का?"

लगेच आईचा फोन. "आगं, हे टीव्हीपुढं उभं राहून 'जेवलो, जेवलो' म्हनून वरडायलेत!"

हे पत्र आता टाकतच नाही. भाजी कसली होती, ते उद्या टीव्हीवरूनच विचारते.

तुमची लाडकी,
रेश्मा