जेवताना समोर कोणीतरी बसण्याबाबत

मी, नागेश भिकाजी तोरसकर, वय ५३, काम स्वयंपाकी, मूळ तालुका देवगड, सध्या राहणार उम्म अल कुवैन, हे माझ्या हाताने लिहितो. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघाड हृदयात आहे आणि सोमवारी ऑपरेशन आहे. लिहिताना मला कोणी धाक घातलेला नाही. खोलीतले बाकीचे क्रिकेट बघत आहेत.

१. बँकेतली शिल्लक आणि नोकरीचा हिशेब सगळा पत्नी सौ. स्वप्नाली हिचा. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

२. गावचं घर मी बांधलं, तेही स्वप्नालीचं. फक्त पडवी थोरले बंधू रामचंद्र यांना तहहयात द्यावी, कारण गेली अकरा वर्षं ते तिथेच जेवतात. त्यामागची हकिकत नोंदवणं जरूर आहे.

साइटवर माझा गुडघा गेला, त्यानंतर मला एत्तोरे साहेबांकडे काम मिळालं. ते इटलीचे, जहाजावरचे निवृत्त इंजिनिअर, पत्नी वारलेली. पहिल्या दुपारी मी प्लेट ठेवून मागे उभा राहिलो. ते ‘बुऑन आपेतीतो’ म्हणाले आणि अन्नाला हात लावेनात. मला वाटलं, मीठ जास्त पडलं. स्पगेटी गार झाली. मग त्यांनी दुसरी प्लेट आणवली, मला समोर बसवलं आणि समजावलं की याचा अर्थ आपलं ‘सावकाश जेवा’, आणि यावर समोरच्याने ‘ग्रात्झिए, आल्त्रेत्तान्तो’ म्हणायचं असतं. धन्यवाद, तुम्हीही.

“हे एकट्याला म्हणता येत नाही,” ते इंग्रजीत म्हणाले.

मी म्हटलं, सर, मी नोकर आहे. ते म्हणाले, गार होतंय.

पुढे बाकीचे नियम आले. दोन्ही मनगटं टेबलावर दिसली पाहिजेत. स्पगेटी सुरीने कापायची नाही. माशावर चीज नाही. मी एकदा घातलं, तर ते संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. प्लेटमधला रस्सा पावाने पुसून खाणं पाहुण्यांसमोर वाईट दिसतं, एरवी तो स्वयंपाक्याचा मान. डाव्या हाताने पाव खायला मात्र मी तयार झालो नाही. ते त्यांनी सोडून दिलं.

त्यानंतरच्या रजेत घरी गेलो. स्वप्नालीने मला आणि दादांना वाढलं आणि पळी घेऊन उभी राहिली. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि ती काय जेवते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी हात लावला नाही. तिने विचारलं, काय कमी आहे? मी म्हटलं, तू बस.

दादा म्हणाले, “दुबईत जाऊन बायकांच्या ताटात बघायला शिकलास.”

तीन दिवस माझी आमटी गार झाली. चौथ्या दिवशी ती बसली, भिंतीकडे तोंड करून. तिच्या ताटात बांगड्याची शेपटी होती. मधले तुकडे आमच्या ताटात. मी म्हटलं, सावकाश जेव. ती जेवली. दादा ताट उचलून पडवीत गेले. मी इकडे परत आल्यावरही तिने बसणं सोडलं नाही, असं मुलगी वैभवी सांगते.

३. एत्तोरे साहेब मार्चमध्ये गेले. शेवटी नाकातून नळी होती. नळीतून अन्न द्यायची वेळ झाली की मी ‘बुऑन आपेतीतो’ म्हणायचो आणि ते दोन बोटं उचलायचे. नर्सला वाटलं, त्यांना काहीतरी हवंय. त्यांच्या मुलाने विचारलं तेव्हा मी त्यांचं गोल टेबल मागून घेतलं. ते वैभवीचं. दोघांचंच आहे. तिच्या नवऱ्याने वाढून घ्यायला शिकावं.

४. सुऱ्या आणि किसणी खोलीतल्या वरदला. तो त्या आत्ताच वापरतो.

५. दुरुस्ती. वरचं सगळं काल स्वप्नालीला फोनवर वाचून दाखवलं. पैशाचं तिने ऐकून घेतलं. पडवीचं ऐकल्यावर म्हणाली, “पडवी कशाला? भावजींना आत बसू दे. मी उठायची नाही.”

सबब कलम २ मधलं पडवीचं वाक्य रद्द समजावं. दादांनी आत जेवावं. ती उठणार नाही.

सही: ना. भि. तोरसकर

आमच्यादेखत सही केली:
१. सुजीत परब, ड्रायव्हर
२. हाफिजा बीवी, शेजारच्या व्हिलातील स्वयंपाकीण

उम्म अल कुवैन, शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५